बायबलचं शेवटचं पान

उल्हासरावांनी पुण्यात एकतीस वर्षं जर्मन शिकवलं आणि जर्मनीत एकदाही पाऊल ठेवलं नाही. त्यांचे विद्यार्थी म्युनिकला गेले, स्टुटगार्टला गेले, तिथून नाताळची कार्डं पाठवत राहिले. सर आपले डेक्कनवरच्या घरच्या क्लासातच. कधी आईचं आजारपण आडवं आलं, कधी अनीशची इंजिनिअरिंगची फी.

यंदा अमेरिकेला मुलाकडे निघताना फ्रँकफर्टला विमान बदलायचं होतं. तिथं एक दिवस थांबून कोलोनचं कथीड्रल पाहायचं, असा अनीशनं घाट घातला होता. पण जर्मनीच्या व्हिसाची अपॉइंटमेंट काही मिळाली नाही आणि नवराबायकोनं सहा तास विमानतळावरच बसून काढले. तेवढ्यात उल्हासरावांनी काउंटरवरच्या मुलीला आपलं गेट कुठं आहे ते जर्मनमध्ये विचारलं. वाक्य चांगलं ऐसपैस होतं. मुलगी हसली आणि तिनं इंग्लिशमध्ये उत्तर दिलं. यांनी जर्मनमध्ये आभार मानले, तिनं पुन्हा इंग्लिशमध्येच ‘वेलकम’ म्हटलं.

ते त्यांच्या जिव्हारी लागलं. पाण्यात न उतरता पोहायला शिकवणाऱ्या मास्तरासारखं आपलं झालं की काय, असं त्यांना वाटू लागलं. अनीशच्या घरी, प्लेनोला येऊन पाच आठवडे झाले तरी ते वाटणं जाईना. त्यांची एकच इच्छा उरली होती. कुणीतरी, जो विद्यार्थी नाही आणि ज्याला मार्क नकोत, अशा माणसानं आपल्याशी एकदा जर्मनमध्ये बोलावं.

बाबा गप्प गप्प आहेत हे अनीशच्या लक्षात आलं. “बाबा, जर्मनी नाही तर नाही. इथं वर ओक्लाहोमाच्या बॉर्डरजवळ नॉयबर्ग म्हणून जर्मन लोकांनी वसवलेलं गाव आहे. दीड तासाचा ड्राइव्ह. चर्च इतकं मोठं आहे की लोक त्याला कथीड्रलच म्हणतात. शनिवारी सकाळी निघू, संध्याकाळी बॅक.”

तर शनिवारी पाचही जण निघाले. अनीश, त्याची बायको हिमानी, नऊ वर्षांची रुही, आणि मागच्या सीटवर आजी-आजोबा. नीलांबरीबाईंनी दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली होती. “आई, तिथं रेस्टॉरंट्स आहेत हो,” हिमानी म्हणाली. “असू देत की,” नीलांबरीबाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथंच संपला.

गाव म्हणजे एक लांब रस्ता. सॉसेजचं दुकान, बेकरी, आणि जर्मन स्वागत छापलेले टी-शर्ट. बेकरीत उल्हासरावांनी घसा खाकरून गल्ल्यावरच्या मुलीला जर्मनमध्ये सुप्रभात म्हटलं, इथं कधीपासून राहता असंही विचारलं. “ऑ, दॅट्स सो क्यूट!” ती म्हणाली आणि तिनं त्यांना एक बिस्कीट फुकट दिलं. इथं जर्मन आता कुणीच बोलत नाही, शेवटचे म्हातारे कधीच गेले, असंही तिनं हसतमुखानं सांगितलं. उल्हासरावांनी बिस्कीट खाल्लं. ते चांगलं होतं, हा आणखी एक अपमान.

चर्च मात्र खरोखर देखणं होतं. दोन उंच मनोरे, आत निळं रंगवलेलं छत, खिडक्यांतून उतरलेला लाल-पिवळा उजेड. दाराशी डोरोथी नावाच्या ऐंशीच्या घरातल्या बाई पाहुण्यांना माहिती देत होत्या. उल्हासराव जर्मन शिकवायचे असं अनीशनं सांगताच त्या त्यांना हाताला धरून एका काचेच्या पेटीपाशी घेऊन गेल्या.

आत एक जाडजूड बायबल होतं. डोरोथीबाईंची पणजी कॅटरिना जर्मनीहून येताना ते घेऊन आली होती. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तिनं म्हातारपणी चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या आजवर कुणाला लागल्या नव्हत्या. कुठलेसे प्रोफेसर येतो म्हणाले, आले नाहीत. पुढच्या महिन्यात चर्चचा उत्सव. त्या ओळींचं इंग्लिश पितळी पाटीवर कोरून इथं लावायचं होतं. “प्रार्थनाच असणार,” बाई इंग्लिशमध्ये म्हणाल्या. “आमच्या घरात सगळे सांगतात, या गावात तिच्याइतकं सुखी कुणी नव्हतं.” त्यांनी पेटी उघडली.

अक्षर जुन्या जर्मन वळणाचं होतं, आपल्या मोडीसारखं आकडेबाज. हल्लीच्या जर्मन माणसालाही ते सहजी वाचता येत नाही. उल्हासरावांनी मात्र ते ऐन चाळिशीत, काही कारण नसताना, एका फाटक्या पुस्तकावरून गिरवलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ लागली. दुसरी लागली. एकही शब्द अडला नाही. छाती आनंदानं भरून आली, आवाज चढला, आणि चारही ओळी वाचून झाल्यावर मग त्यांचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचला.

‘या गावात मला आज एक्कावन्न वर्षं झाली. देवानं जमीन दिली, मुलं दिली, नातवंडं दिली. पण मी एक दिवसही इथली झाले नाही. मुलांना हे सांगू नका.’

डोरोथीबाई वही-पेन्सिल घेऊन उभ्या होत्या. अनीश आणि हिमानी त्यांच्या खांद्यावरून डोकावत होते, नीलांबरीबाई मागच्या बाकावर टेकल्या होत्या. उल्हासरावांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा मुलाकडे.

“या गावात मला आज एक्कावन्न वर्षं झाली,” ते सावकाश इंग्लिशमध्ये सांगू लागले. “देवानं जमीन दिली, मुलं दिली, नातवंडं दिली. आणि मी इथली झाले.”

“आजोबा, दॅट्स इट?” रुही म्हणाली. “इट लुक्स लाँगर.”

“जर्मन लोक पाल्हाळ फार लावतात,” आजोबा म्हणाले.

डोरोथीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी उल्हासरावांचं नाव स्पेलिंगसकट लिहून घेतलं. भाषांतरकार म्हणून तेही पितळेवर कोरलं जाणार होतं. आयुष्यभर मुलांच्या वह्यांत लाल रेघा मारणाऱ्या माणसाचं एवढं एकच भाषांतर जगात टिकणार होतं, आणि ते धडधडीत खोटं होतं. त्यांना लाज वाटली. पण नीट सांगायला हवं होतं, असं काही वाटलं नाही.

परतताना अनीश खुशीत होता. “बाबा, यू रॉक्ड! तुमचं जर्मन काय चाललं यार!”

हिमानी बराच वेळ बाहेरची सपाट शेतं पाहत होती. ग्रीन कार्डच्या रांगेत त्यांना बारा वर्षं झाली होती. घर मागच्या वर्षी घेतलं होतं. “एक्कावन्न वर्षांनी का होईना, तिला वाटलं ना इथलं,” ती म्हणाली. “बरं वाटलं ऐकून. मला अजून पुण्याचीच स्वप्नं पडतात.”

“पडेनाशी होतात,” अनीश म्हणाला. “हो ना, बाबा?”

“होतात,” उल्हासराव म्हणाले.

पेट्रोल भरायला गाडी थांबली. ती तिघं कॉफी आणायला दुकानात गेली. मागे दोघंच उरली. उन्हानं काच तापली होती.

“निश्ट आयनेन टाग,” नीलांबरीबाई समोर बघत म्हणाल्या. एक दिवसही नाही.

उल्हासराव दचकून वळले. घरच्या क्लासमध्ये त्यांनी मुलांकडून जे घोकून घेतलं, ते एकतीस वर्षं आत ओट्यापाशी ऐकू जात होतं. हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तुला सगळं कळलं का, असं त्यांनी जर्मनमध्ये विचारलं. सगळं, असं नीलांबरीबाईंनी जर्मनमध्येच सांगितलं. पोळ्या लाटताना दुसरं काय काम होतं, हेही सांगितलं. ते वाक्य पार मोडकंतोडकं होतं. उल्हासरावांनी ते दुरुस्त केलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

मग त्यांनी हळूच विचारलं, मुलांना सांगायचं का?

नीलांबरीबाईंनी दुकानाच्या दाराकडे पाहिलं. अनीश दोन्ही हातांत कप धरून पाठीनं दार ढकलत बाहेर येत होता, मागे हिमानी आणि रुही कशावरून तरी खिदळत होत्या.

“नाइन,” त्या नकारार्थी मान हलवत म्हणाल्या, आणि कॉफी घ्यायला काच खाली केली.