केशरी भोपळा

माझ्या नवऱ्याने सुनेची पिशवी आपणहून उचलली, तेव्हाच मला संशय आला. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने माझी पिशवी कधी उचलली नाही. माहेराहून पापडांचा डबा डोक्यावर घेऊन आले तेव्हाही हे पुढे, रिकामे हात हलवत. आणि आज प्रतिभाची पोहायची पिशवी खांद्याला लावून हे दारात उभे.

"जीवन केळीची गाडी भराले गेला," ते म्हणाले. "मीच जातो पोरीसंगं राजघाटले."

"मी बी येते."

"तू कशाले?"

हे ऐकल्यावर तर मी चपला घातल्याच.

घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही आबाच म्हणते. प्रतिभा आमची सून, जीवनची बायको. ती पुढच्या महिन्यात समुद्रात पोहणार होती, कोकणातल्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत. त्यासाठी रोज सकाळी जीवन तिला दापोऱ्याहून मोटरसायकलवर राजघाटला न्यायचा आणि ती तापीत या काठाहून त्या काठाला तास तास पोहायची. मला ते पसंत नव्हतं आणि मी ते पोटात ठेवलंही नव्हतं. समुद्रानं काय आवतण धाडलंय का तुला, असं मी तिच्या तोंडावर म्हणाले होते. आबांना मात्र भारी कौतुक. ते स्वतः पुरात तापी ओलांडणारे. माझी सून समुद्र पोहणार, हे बहादरपूरच्या चहावाल्यापर्यंत सांगून आले होते.

मग एक दिवस प्रतिभाच्या कमरेला तो केशरी फुगा आला आणि आबांचं कौतुक आटलं.

चांगला उशीएवढा फुगा. दोरीने कमरेला बांधायचा, पोहताना मागे तरंगत येतो. आता आमच्याकडे पोरं पोहायला शिकतात ती पाठीला वाळका भोपळा बांधून. पोर आपलं आपण तरंगायला लागलं की बाप तो भोपळा घाटाच्या पायरीवर फोडतो आणि गूळ वाटतो. त्यानंतर पुन्हा ज्याने भोपळा बांधला, त्याला गाव मरेपर्यंत चिडवतं. आबांनी फुगा पाहिला आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं.

जीवनला विचारलं तर तो म्हणाला, "आबा, वो सेफ्टी के लिए है. स्पर्धेचा नियमच आहे तो."

"म्हणजे बुडू नही म्हणूनच ना?" आबा म्हणाले. जीवन तोवर गाडी काढून गेलाही होता.

तेव्हापासून आबा चोरासारखे वागायला लागले. जीवन-प्रतिभा बोलत असली की दाराशी रेंगाळायचे. मी भाकरी थापत असताना येऊन हळूच विचारायचे, "तिले खरंच पोहता येते का वं?" मी म्हटलं, मले काय विचारता, मी काय नदीत बसते? त्यात आज पहाटे माझी गोधडीची जाड सुई त्यांच्या खाटेखाली सापडली. या माणसाने जन्मात सदऱ्याचं बटण लावलेलं नाही. काहीतरी शिजत होतं, पण काय ते कळेना.

घाटावर फुगा आबांनीच फुगवला आणि तिच्या कमरेला बांधलाही त्यांनीच, घाईघाईने.

"आज तो बडी सेवा चाललीये," प्रतिभा हसली आणि पाण्यात उतरली.

आबा पायरीवर बसले नाहीत. धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे राहिले, उडी मारायच्या तयारीत. त्यांची नजर फुग्यावरून हलेना. मधल्या धारेपर्यंत फुगा निम्मा झाला. मग त्याची चिंधी झाली. मग दिसेनासाच झाला. प्रतिभाचे हात होते तसेच चालत होते, एक लय, एक वेग. तिला पत्ताही नव्हता.

आणि आबा हसायला लागले. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू.

"पाह्य सरू, पाह्य. भोपळ्याबिगर चालली पोर."

"काय केलं तुम्ही?"

"टोचला रातच्याले." त्यांना लाज नव्हती, उलट छाती फुगली होती. "समुद्रात फुटला असता तं? इथं बुडाली असती तं मी होतो काढाले. तिथं कोण होतं?"

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला त्यांचं पटलं. इतकी माया या माणसाच्या पोटात आहे हे मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात खालच्या वळणाकडून इंजिनाचा आवाज आला. दगा नावाड्याची नाव, पुढे माणसं खच्चून भरलेली, तो मागे सुकाणूवर. ऊन त्याच्या थेट डोळ्यांत. पाण्यावर प्रतिभाचं डोकं केवढंसं दिसणार? नाव सरळ तिच्या रोखाने निघाली होती आणि वळत नव्हती. तो फुगा तरंगायला नव्हताच, दिसायला होता, हे आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं.

आबांनी हाका मारल्या, पण इंजिनापुढे कोण ऐकतो? त्यांनी पाण्यात झोकून दिलं, पण ते आता पुरातले आबा नव्हते. मी डोक्यावरचा लाल पदर ओढला आणि दोन्ही हातांनी हलवत कमरेएवढ्या पाण्यात शिरले. घाटावरून बाई पदर हलवते म्हणजे पलीकडे जायचंय, हे नावाड्याला सांगावं लागत नाही. गिऱ्हाईक दिसलं म्हणून दगाने नाव माझ्याकडे वळवली. प्रतिभापासून ती हातभर अंतरावरून गेली. लाटेनं पोर उलटीपालटी झाली, खोकली, आणि पुन्हा वर आली.

काठाला आल्यावर तिने दोरी ओढून फुगा हातात घेतला. ओळीने तीन भोकं. तिने बोटाने चाचपून पाहिली, आणि मग माझ्याकडे पाहिलं. आबांकडे नाही, माझ्याकडे.

"आई, तुम्हाला नको होतं तर सीधे बोलायचं ना," ती म्हणाली. "जीव घ्यायची काय जरूरत होती?"

सुई माझी. विरोध माझा. मी आबांकडे पाहिलं. धापा टाकत ते पायरीवर बसले होते, मान खाली. हा माणूस गप्प राहतो की काय, असंही मला वाटून गेलं.

"ती नही," आबा म्हणाले. "मी टोचला. मले वाटलं, तुले पोहता येत नही."

प्रतिभाने फुगा गुंडाळून पिशवीत टाकला. रडली नाही, भांडली नाही. घरी येऊन सगळ्यांना चहा केला, आबांच्या कपात रोजच्यासारखी साखरही जास्त घातली. मला वाटलं, मिटलं.

नवा फुगा आला त्या दिवशी आम्ही सगळेच घाटावर गेलो. आबांनी तो फुगवला, कानाशी धरला, दाबून पाहिला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे केला.

"मी पाह्यला बेटा. कुठंच भोक नही."

"हो आबा," ती म्हणाली.

मग खाली वाकून तिने तो पाण्याखाली धरला आणि बुडबुडे येतात का ते पाहत राहिली.