गार पाय

स्नानघरात झेंझीने पाहुण्याचा उजवा पाय आपल्या मांडीवर घेतला, आधी टाच चाचपली, मग एकेक बोट.

"गार."

"आजही?" वेंडेलिनने विचारलं.

"बर्फ आहे नुसता. गार अंगावर गार पाणी घालायचं नाही, हा इथला पहिला नियम. आधी ऊब, मग पाणी. उठा, कुरणाला फेरी मारू."

त्याने मोजे चढवले. झेंझीने लाकडी खडावा काढून ठेवल्या, चालायचे बूट घातले आणि रबरी नळी खुंटीला अडकवली. भिंतीवरच्या तसबिरीतले पाद्रीबुवा, ज्यांच्या पाण्याच्या उपचारावर जर्मनीतल्या आल्गॉय भागातली अशी कितीतरी उपचारघरं चालतात, नेहमीसारखे कपाळाला आठ्या घालून बघत होते.

वेंडेलिन म्हणजे ऑग्सबुर्गचा निवृत्त पोस्टमन. जन्मभर पायी फिरला, आणि बायको गेल्यावर खुर्चीत बसला तो उठेचना. शेवटी लेकीने त्याला उपचारासाठी इथे आणून सोडलं. इथे पाणी आहे, जडीबुटी आहे, चालणं आहे, साधं खाणं आहे. पाचवी गोष्ट म्हणजे जगण्याची घडी. पाद्रीबुवांचा सगळा भर तिच्यावर होता, पण ती काही नळीने घालता येत नाही. ती ज्याची त्याने बसवायची.

गार पायांच्या इतर पाहुण्यांना झेंझी एकटंच कुरणात पिटाळायची. याच्यासोबत मात्र ती स्वतः जायची, कारण तिला धास्ती वाटत होती. तिचा नवरा गेला तेव्हा त्याचेही पाय आधी असेच गार पडायला लागले होते आणि कुणी मनावर घेतलं नव्हतं.

कुरणात वेंडेलिन चालायचा मात्र झपाझप. कुठल्या गल्लीतलं कुत्रं चावायचं, कुठली म्हातारी पत्र वाचून घ्यायची आणि बदल्यात मनुकांचा केक द्यायची, सगळं सांगायचा. झेंझी हसायची आणि हसता हसता त्याचा श्वास ऐकायची. श्वास चांगला होता. मग पाय का गार?

त्या दिवशी परतताना तिने सांगून टाकलं.

"हे बघा, उद्याही गार लागले तर मी डॉक्टरीणबाईंना सांगणार. माझ्याच्याने जबाबदारी घेववत नाही. त्या उपचार थांबवतील आणि लेकीकडे धाडतील तुम्हाला."

"धाडतील? परत?"

"मग काय? जिवापेक्षा उपचार का जास्त आहे?"

त्याचा चेहरा पडला. न्याहारीला त्याने राय धान्याच्या पावाला हातही लावला नाही.

स्नानघर आवरताना झेंझीला स्टुलापाशी पिवळी पाकळी सापडली. ओली, चुरगळलेली. तसलं फूल फक्त ओढ्याच्या काठाला येतं. ती पाकळी तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात गेली, तर स्वयंपाकीण बुर्गल बार्ली ढवळत होती.

"पोस्टमनचीच असणार," बुर्गल म्हणाली. "उजाडलं रे उजाडलं की ओढ्यात पाय सोडून बसतो बाबा. मग मोजे चढवून थेट तुझ्या दारात. मला वाटलं, तूच सांगितलंयस."

"मी? मी कशाला सांगू?"

"तेच म्हटलं, रोज रोज पाय गार कसे." बुर्गलने पळी वर धरली आणि तिच्याकडे टक लावून पाहिलं. "आणि गार असले की फिरायला सोबत कोण जातं, झेंझीबाई?"

झेंझी चिडली. केवढा घोर लावला होता या माणसाने! दोनदा तर ती त्याच्यासाठी देवळात मेणबत्ती लावून आली होती. पण चिडता चिडताच तिला मोकळं वाटलं, कारण त्याला काहीही झालं नव्हतं. मग कान तापले तशी ती बुर्गलकडे पाठ करून कपबशा पुसत बसली. त्या आधीच पुसलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वेंडेलिन ओढ्याकडे न जाता रस्त्याने आला, बूट घालून. स्टुलावर बसला आणि पाय पुढे केला. तो खाली बघत होता.

झेंझीने पाय मांडीवर घेतला. टाच ऊबदार होती, बोटं ऊबदार होती, भट्टीतून नुकत्या काढलेल्या पावासारखी. असे पाय म्हणजे पाण्याला अगदी तयार. तिने तो पाय नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला.

"गार," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. "पण आज मी... आज तर..."

"जन्म गेला माझा पाय तपासण्यात. मी गार म्हटलं म्हणजे गार."

"मग आता डॉक्टरीणबाईंना..."

"त्यांना कशाला त्रास? कुरणाला फेरी मारली की होतील गरम. आज लांबची मारू, चॅपेलपर्यंत."

वेंडेलिन तिच्याकडे बघत राहिला. मग मोजे घ्यायला वाकला आणि तेव्हा त्याला दिसलं. झेंझीच्या पायात आज खडावा नव्हत्याच. ती आली होती तीच चालायचे बूट घालून, नाड्या घट्ट बांधून.