वरच्या मजल्यावरचं पाणी

दिवाळीत दिलेला रंग संक्रांतीला सुटायला लागला. गुरुदत्त प्रधानांचं घर वडाळे तळ्याच्या मागच्या गल्लीत, पस्तीस वर्षं जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होतं. झोपायच्या खोलीच्या छताला आधी एक फुगवटा आला, मग पोपडे पडायला लागले. उशीवर, चादरीवर, पत्नी सुनीताबाईंच्या पाण्याच्या भांड्यात. सुनीताबाईंना दमा होता. त्या धुरळ्यानं खोकला इतका वाढला की त्यांनी आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि गुरुदत्त पहिल्यांदाच त्या खोलीत एकटे झोपायला लागले.

रंगारी शैलेश आला, लाकडी घोड्यावर चढला, पत्तीनं थोडं खरवडून पाहिलं. आतलं प्लास्टर ओलं होतं.

"काका, मी पुन्हा भेगांत लांबी भरीन, रंग देईन. पण ओल वरून येतेय. ती थांबल्याशिवाय कितीही भारी रंग आणा, टिकायचा नाही."

"वर बाथरूम तिकडे आहे. इथे त्यांचीही झोपायचीच खोली."

"मग पाणी कुठून येतं ते तेच सांगतील," शैलेश म्हणाला आणि सामान उचलून गेला.

वर दीड वर्षापासून बेलपाड्याचं एक म्हातारं जोडपं भाड्यानं राहत होतं. काशीराम आणि भामाबाई. गावातलं त्यांचं कौलारू घर पाडून मुलगा निकेश तिथे चार मजली इमारत बांधत होता, तोवर त्यानं आईवडिलांची सोय इथे केली होती. काशीराम वर्षभरात कुणाला दिसलेच नव्हते. भामाबाई जिन्यात दिसायच्या, मान खाली घालून जायच्या.

गुरुदत्त दोनदा वर गेले. दोन्ही वेळा भामाबाईंनी दार वीतभर उघडलं.

"आमच्याकडं नळ गळत नाय, भाऊ."

"मग आम्हाला आत येऊन बघू द्या."

"आता नाय," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

पाटबंधारे खात्यात हयात गेलेल्या गुरुदत्तांना पाण्याबद्दल कुणी खोटं बोललेलं खपत नसे. खाली येऊन त्यांनी वरच्या घराच्या कामोठ्याला राहणाऱ्या मालकाला फोन लावला. तोंडात येईल ते बोलले. स्लॅब कोसळला तर जबाबदार कोण, असंही विचारलं. मालक शांतपणे म्हणाला, "महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगतो." सुनीताबाई ऐकत होत्या. "एकदा नीट विचारायचं तरी होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास गुरुदत्त दाढी करत होते. वर काहीतरी जोरात आपटलं. छताचा हातभर पोपडा खाली आला आणि मागोमाग बाईमाणसाची हाक ऐकू आली. तोंडाला साबण तसाच ठेवून ते वर धावले. दार उघडं होतं.

आतल्या खोलीत काशीराम लोखंडी खाटेवरून खाली पडले होते. उघडे, भिजलेले, हाडांवर नुसती कातडी. भामाबाई त्यांना काखेत धरून उचलू पाहत होत्या. पाण्याची बादली कलंडली होती आणि पाणी फरशीच्या भेगांत जिरत होतं. गुरुदत्तांनी पाय धरले. दोघांनी मिळून त्यांना खाटेवर घेतलं. भामाबाईंनी आधी नवऱ्याच्या अंगावर लुगडं पांघरलं, मग त्या भिंतीला टेकून बसल्या.

"वर्ष झालं, उजवी बाजू गेली. दिवाळीपासून न्हानीपर्यंत न्यायला माझ्याच्यानं होत नाय. म्हनून इथंच पानी घालते. खाली परात ठेवते, पन वाहतंच."

"ओल्या फडक्यानं पुसलं तर?"

"पुसते की. पन मग जेवत नाय. जन्म मिठागरात गेला यांचा. कामावरून आल्यावर अंगावर पानी घेतल्याबिगर भाकरीला हात लावला नाय कदी. आता पानी पडलं अंगावर की दोन घास खातात." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुमाला दाखवायची लाज वाटली, भाऊ."

काशीराम छताकडे बघत होते. "घरी ने," ते अडखळत म्हणाले.

"नेते," भामाबाई म्हणाल्या. दिवसातून किती वेळा त्या हे म्हणत असतील, कोण जाणे.

गुरुदत्तांनी त्याच दुपारी मालकाला फोन केला. माझी तक्रार नाही, त्यांना राहू द्या, म्हणाले. मालकानं दुसरा भाडेकरू ठरवला होता. "तुम्हीच म्हणालात ना, स्लॅब कोसळेल?" त्यानं विचारलं. गुरुदत्तांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज नऊला वर जाऊ लागले. भामाबाई पाणी घालायच्या, ते काशीरामांना पाठीमागून धरायचे. खाली मोठं प्लास्टिक अंथरलं, कडा दुमडून पाणी बादलीत घेतलं, तरी थोडं निसटायचंच. अंगावर पहिला तांब्या पडला की काशीराम डोळे मिटायचे आणि गुरुदत्तांच्या मनगटावरची त्यांची डाव्या हाताची पकड सैल व्हायची. असे अकरा दिवस गेले. फोन आपण केला होता, हे सांगायचं गुरुदत्त रोज ठरवायचे आणि न सांगता खाली यायचे.

महिनाअखेरीला निकेश टेम्पो घेऊन आला. इमारतीचं काम अर्धवट होतं, लाद्याही बसल्या नव्हत्या. तळमजल्यावरच्या एका खोलीला दार बसवून त्यानं आईवडिलांना तिथे नेलं.

पंधरा दिवसांत छत वाळलं. शैलेशनं ते खरवडलं, लांबी भरली, रंगाचे दोन हात दिले. सुनीताबाईंचं अंथरूण परत आत आलं. त्यांचा खोकला कमी झाला. गुरुदत्तांना मात्र सकाळी नऊ वाजता काय करावं ते सुचत नसे.

मार्चमध्ये निकेशचा फोन आला. काशीराम गेले होते, आणि तेरावंही होऊन गेलं होतं. "आईनं तुम्हाला कळवायला सांगितलं," तो म्हणाला.

गुरुदत्त एकटेच बेलपाड्याला गेले. भामाबाई सिमेंटच्या पोत्यांशेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी गुरुदत्तांना दुसरी खुर्ची दिली.

"घरी आले शेवटी," काहीतरी बोलायचं म्हणून गुरुदत्त म्हणाले.

"नाय ओ. ओळखलंच नाय त्यांनी. कौलं नाय, ओटी नाय, दारातला चाफा नाय. मी सांगायची, हीच आपली जागा, इथंच तुमची खाट असायची. ते नुसते बघायचे आनि म्हनायचे, घरी ने. शेवटच्या दिवशी पन तेच."

गुरुदत्तांनी खुर्ची जरा पुढे सरकवली. "भामाबाई, घरमालकाला फोन मी केला होता. माझ्यामुळे तुम्हाला निघावं लागलं."

"ठाऊक हाय. मालकानं त्याच दिवशी सांगितलेलं."

म्हणजे गुरुदत्त त्या सकाळी वर धावले, तेव्हाही भामाबाईंना ठाऊक होतं. पुढचे अकराही दिवस.

"मग मला आत का येऊ दिलंत?"

"त्यांना धरायला मानूस नव्हतं दुसरं," भामाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, क्षमाही नव्हती. आतून सून चहा घेऊन आली. गुरुदत्तांनी कप घेतला आणि ते तो दोन्ही हातांनी धरून बसले.