दुसरा कागद

त्या मंगळवारी सकाळी लॉरीन प्रुएट चर्चच्या जेवणासाठी अंड्याच्या शेवया लाटत होती. कोपरापर्यंत पीठ, केसांना फडकं, आणि रेडिओवर हवामान. बाहेर फेब्रुवारीचा बर्फ रस्त्याच्या कडेला काळा पडून साचलेला. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

फोन तिच्या धाकट्या भावाचा, ड्वेनचा होता. ड्वेन जिल्ह्याच्या आपत्कालीन कार्यालयात कारकून होता. पूर आला, वादळ आलं की सूचना त्याच्याकडून निघायची आणि लॉरीनकडून पसरायची. ओहायो नदीच्या काठच्या टॉलिव्हर गावात चाळीस घरांची टेलिफोनची साखळी होती आणि तिचं पहिलं टोक लॉरीनच्या ओट्याजवळ. तिने शेजारच्या मॅक्सीनला फोन करायचा, मॅक्सीनने पुढच्या घरी, असं करत शेवटी हॉबर्ट म्हातारा उलट लॉरीनलाच फोन करून मिळालेला निरोप म्हणून दाखवायचा. नियम तीनच. शब्द न् शब्द लिहून घ्यायचा, पदरचं काही घालायचं नाही, आणि निरोप कधी अडवायचा नाही. कोण वारलं, शाळेला सुट्टी आहे का, चर्चच्या जेवणाला कुणी काय आणायचं, सगळं वीस वर्षं असंच चाललं होतं.

"लॉरीन, लिहून घे," ड्वेन म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा जड होता. "नारिंगी इशारा आहे. नदीकाठच्या लहान गावांच्या पाण्याच्या टाक्यांवर दहशतवादी हल्ला होण्याची शक्यता. घरात तीन दिवसांचं पाणी भरून ठेवा. एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद करता येईल अशी तयारी ठेवा. लिहिलंस?"

"आपल्यासारख्या गावाच्या टाक्या?" लॉरीनच्या हातातली पेन्सिल थांबली. तिचा एकुलता एक मुलगा नील गावाच्या पाणीपुरवठ्यावरच कामाला होता. टाकीच्या शिडीवर रोज चढणारा तोच.

"कागदावर आहे तेवढं सांगितलं. लाव साखळी."

लॉरीनने साखळी लावली. पाऊण तासाने हॉबर्टचा फोन आला, तेव्हा निरोपाला पाय फुटले होते. "दोन गावांत पाण्यात विष सापडलंय म्हणे. माणसं दवाखान्यात आहेत."

"अहो हॉबर्ट, असं मी कुठे म्हटलं होतं?"

"तू नसशील म्हटलं. पण वरचे लोक लपवतातच की!"

लॉरीनला हसू आलं. म्हातारा आहे, चालायचंच, असं म्हणून तिने फोन ठेवला. हे हसणं तिला पुढे फार महागात पडलं.

संध्याकाळपर्यंत गावच्या दुकानात चिकटपट्टीचं एक रीळ उरलं नाही. आणखीही एक गोष्ट त्या आठवड्यात संपली, ती म्हणजे शंका. वाळवंटातल्या त्या देशावर चालून जायचं की नाही, यावरून गावात तोवर चांगली जुंपत असे. खुद्द मॅक्सीन चर्चच्या पायऱ्यांवर म्हणाली होती, "त्या लोकांनी आपलं काय घोडं मारलंय?" पण पाण्याच्या टाकीचं नाव निघालं आणि तीच मॅक्सीन अंगणात झेंडा लावून मोकळी झाली. सूचनेत त्या देशाचं नावसुद्धा नव्हतं. ते नाव टीव्हीने आणून सूचनेच्या शेजारी बसवलं, रोज सकाळ-संध्याकाळ बसवलं, आणि लोकांना दोन्ही एकाच घरची वाटू लागली. इशारा खरा की खोटा हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. लॉरीनने सांगितलंय म्हटल्यावर विचारायचं काय?

पंधरा दिवसांनी नीलने सैन्यात सही केली.

"आई, माझ्या टाकीवर डोळा ठेवून आहेत ते," तो जेवता जेवता म्हणाला. "मी शिडीवर पाना घेऊन बसून राहू का?"

लॉरीन रडली, पण अडवलं नाही. निरोपाच्या जेवणाला ड्वेनमामाही होता. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून भाच्याच्या हाताला बांधलं आणि म्हणाला, "परत आलास की परत दे." नील हसला. मामाने मान खाली घालून चेरी घातलेली पेस्ट्री खाल्ली, दोनदा वाढून घेऊन.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गणवेशातले दोन अधिकारी लॉरीनच्या दाराशी आले. बाकीचं सांगत नाही. गावाने दुखवट्याच्या रीतीप्रमाणे भरलेली कॅसरोलची भांडी आणून दिली, प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर घरवालीचं नाव. नीलच्या सामानातून घड्याळही परत आलं. ते लॉरीनने ओट्यावरच्या खिडकीत ठेवलं. ते चालू होतं, याचाच तिला राग यायचा.

त्याच साली ऑक्टोबरातली एक दुपार. युद्ध दीड वर्षाचं झालं होतं आणि लोक पुन्हा कुरकुरू लागले होते. आणखी सैन्य पाठवायचं की नाही, यावर राजधानीत येत्या बुधवारी मतदान होतं. मॅक्सीनचा मुलगा कर्टिस, नीलचा लहानपणापासूनचा जोडीदार, सोमवारी भरतीला जाणार होता. "नीलचा हिशेब बाकी आहे," असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा.

ड्वेन स्वतःच आला. कार्यालयाचा फोन बिघडला होता म्हणे. "नवा इशारा आहे," त्याने टाचणी लावलेले कागद तिच्या हातात दिले आणि कॉफी ओतून घ्यायला वळला. "वाच आणि साखळी लाव. या खेपेला पूल आणि धान्याची कोठारं."

लॉरीनने पहिला कागद वाचला. पान उलटलं, तर खाली दुसरा कागद होता. वर लिहिलं होतं: फक्त कार्यालयासाठी, जाहीर वाचू नये. तिने वाचला. मग खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा वाचला, या वेळी मोठ्याने.

"ही माहिती तीन वर्षांपूर्वीची आहे. ती देणाऱ्याने आपण खोटं बोललो असं नंतर कबूल केलं आहे. कोणत्याही ठिकाणाला धोका असल्याचा पुरावा नाही. सूचना बुधवारच्या मतदानापूर्वी सर्व घरांत पोचेल असे पाहावे."

ड्वेनच्या कपातली कॉफी बशीत सांडली. "अगं, तो कागद काढून ठेवायचा राहिला. दे इकडे."

"त्या वेळी होता असा कागद?"

"कुठल्या वेळी?"

"ड्वेन, मी तुझी मोठी बहीण आहे. माझ्याशी वेड पांघरू नकोस. टाकीच्या वेळी होता का?"

ड्वेनने कप ओट्यावर ठेवला. "होता," ड्वेन म्हणाला.

"काय होतं त्यावर?"

"असंच काहीतरी."

"असंच, की हेच?"

"तारीख वेगळी होती." त्याने खिशातून रुमाल काढला, पण तोंड पुसलं नाही. "मी काय करणार होतो? वरून आलेला हुकूम. मी पडलो साधा कारकून. आणि समज, खरंच काही झालं असतं तर? मग तूच म्हणाली असतीस, माहीत असून बोलला नाही."

"माहीत असून तू बोलला नाहीसच. माझं पोर तुझ्यासमोर बसून म्हणत होतं, माझ्या टाकीवर डोळा आहे. तू त्याला घड्याळ बांधलंस. चार शब्द बोलला असतास तर घड्याळाची गरज नव्हती रे!" तिने खिडकीतलं घड्याळ उचलून त्याच्या पुढ्यात ठेवलं. "परत आलास की परत दे, म्हणाला होतास. हे घे."

ड्वेनने घड्याळाला हात लावला नाही. कागदही मागितले नाहीत. टोपी घेऊन तो निघून गेला.

लॉरीन उठली. रडायला वेळ नव्हता, कर्टिसच्या सोमवारला चारच दिवस होते. तिने मॅक्सीनला फोन लावला आणि दोन्ही कागद सावकाश, शब्द न् शब्द वाचले.

"लिहून घेतलंस ना गं?"

"घेतलं," मॅक्सीन म्हणाली. तिने लगेच फोन ठेवला.

पाऊण तासाने हॉबर्टचा फोन आला. "पूल आणि कोठारं. अनोळखी गाडी दिसली तर कळवा. चोख आहे ना?"

"आणि पुढे?"

"पुढे काय? संपलं."

लॉरीनने साखळीतल्या तिसऱ्या घरी फोन करून विचारलं. तिथेही एवढंच पोचलं होतं. दुसरा कागद मॅक्सीनच्याच घरात गडप झाला होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एप्रिलपासून द्यायचं राहिलेलं मॅक्सीनचं कॅसरोलचं भांडं तिने कपाटातून काढलं, त्यात ते कागद घातले आणि अंगण ओलांडून गेली.

मॅक्सीनने दार उघडलं, भांडं पाहिलं आणि ती समजली. "लॉरीन, मी तुझ्यासाठीच गाळलं गं. असलं काही गावात पसरलं तर लोक नीलबद्दल काय म्हणतील? उगाच गेला म्हणतील."

"उगाचच गेला तो, मॅक्सीन."

मॅक्सीनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिच्यामागे जिन्यावर कर्टिस उभा होता. दाढी घोटलेली, केस आतापासूनच बारीक कापलेले.

"काय आहे तो कागद?" त्याने विचारलं.

"तूच वाच."

त्याने उभ्या उभ्या वाचला. "नीलला हे माहीत होतं?"

"नाही."

"तुम्हाला?"

"आज दुपारी कळलं."

कर्टिसने कागद उलटा करून पाहिला, मागे काही नव्हतं. "लॉरीन आंटी, टाकीच्या वेळी आमच्याकडे फोन कुणी केला होता?"

"मी."

"तुम्ही विचारलं होतं, हे कुठून आलं म्हणून?"

"नाही रे बाळा. विचारायला हवं होतं."

फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला भरतीचा अर्ज कर्टिसने काढला आणि चार घड्या घालून खिशात कोंबला. "सोमवारी मी जात नाही. पण काही दिवस तुमच्याशीही बोलणार नाही," तो म्हणाला आणि मागच्या दाराने बाहेर पडला. लॉरीनला वाटलं, हा म्हणतो ते बरोबरच आहे.

मग ती घरोघर निघाली. कुणी ऐकून घेतलं, कुणी 'आत ये' म्हटलं नाही. जिम्मी पोलार्डने तर तोंडावर दार आपटलं आणि आतून ओरडला, "पोराच्या नावाला काळिमा फासतेस!" त्या शब्दांनी ती फाटकाशी थांबली, डोळे पुसले, आणि शेजारच्या घराची घंटा वाजवली. उद्यापासून साखळी आपल्या हातात राहणार नाही, हे तिला कळत होतं. घाबरवणारा निरोप आला की यापुढे प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा, दुसरा कागद कुठे आहे, एवढं तिने ठरवून टाकलं होतं.

उन्हं उतरताना ती शेवटच्या घरी पोचली. हॉबर्ट अंगणात पानं गोळा करत होता. चष्मा पुसून त्याने दोन्ही कागद वाचले आणि जुन्या नियमाप्रमाणे तिला म्हणून दाखवले. एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. मग खराट्यावर हात टेकून उभा राहिला.

"ते विषाचं मी पदरचं घातलं होतं, लॉरीन. त्या दिवशी नील टाकीवरून उतरून इथूनच चालला होता. मला विचारलंन, खरंच सापडलंय का विष? मी म्हटलं, हो, खरंच."

लॉरीनने त्याच्या हातातून कागद घेतले.

"मी ऐकलं होतं, हॉबर्ट," ती म्हणाली. "मला माहीत होतं ते खोटं आहे. मी हसले होते."