मेथीची फोडणी

"देखना नहीं. आँखें बंद," बकुळाबाई म्हणाल्या. "अब बताओ, कढ़ाई में मेथी कहाँ तक पहुँची?"

झाशीच्या प्रेम नगरातल्या लघाट्यांच्या अंगणात मुली चटईवर डोळे मिटून बसल्या होत्या.

"हो गई," एक म्हणाली.

"अभी कच्ची है, बहनजी," दुसरी म्हणाली.

"तुझं नाक सर्दीने बंद आहे. रजनी?"

रजनी कुशवाहा ही वर्गातली सगळ्यात मोठी, बारावी झालेली मुलगी. तिच्या बापाचा भाजीचा ठेला होता. ती जरा थांबली. "लाल हो गई. अब रुके तो कड़वी."

"तो बैठी क्यों हो? डालो कद्दू."

भोपळ्याच्या फोडी कढईत पडल्या आणि चर्र आवाज झाला. भिंतीलगत वेताच्या खुर्चीवर बसलेल्या अहिल्या कडलग हसल्या. नाशिककडच्या एका द्राक्ष बागायतदार घराण्याने न्यास काढला होता. त्याच्या वतीने त्या आल्या होत्या. न्यास दोन कामांना अनुदान देई. जिथे वाईनची द्राक्षं कधी लावली गेली नाहीत तिथे ती लावून पाहणाऱ्या शेतकऱ्यांना, आणि मुलांना अन्न ओळखायला शिकवणाऱ्या वर्गांना. झाशीकडून दोन्ही अर्ज गेले होते.

"काकू, मी खूप वर्ग पाहिलेत," अहिल्याबाई म्हणाल्या. "शिकवणारा बोलतो आणि मुलं ऐकतात. तुम्ही स्वतः काहीच सांगत नाही. सगळं त्यांच्याकडून काढून घेता."

"असंच आपलं," बकुळाबाई म्हणाल्या आणि झाऱ्याने उगाच भाजी हलवली.

हे असंच नव्हतं. मुलींच्या कॉलेजात गृहविज्ञान शिकवत असताना बकुळाबाई एका दमात सगळं सांगून टाकत. त्यांचं नाक झाशीत प्रसिद्ध होतं. त्याला कारण घरातली रीत. लघाट्यांकडे नैवेद्य दाखवण्याआधी स्वयंपाकाची चव घेत नसत. हातावर थेंबभरसुद्धा नाही. सासूबाई तर म्हणत, वास घेणं म्हणजे अर्धं जेवण झालं. त्यावर नव्या सुनेने तोड काढली होती: वास मी घेत नाही, तो येतो. त्या येणाऱ्या वासावर बकुळाबाईंनी सगळा संसार रांधला होता. वरण लागायच्या आधी त्यांना कळे. लग्नाच्या पंगतीत आचारी त्यांना बोलावून पातेल्याचं झाकण काढून दाखवत.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत ताप आला. ताप गेला आणि वासही गेला. तो परत आला नाही. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. रविवारी वर्गात सांगायचं थांबवून विचारायला लागल्या. मुलींना वाटलं, बहनजी परीक्षा घेतात.

अंगणातला वर्ग आता दिवाळीपर्यंतच होता. पुढे तिथे धाकट्या दिरांच्या खोल्या उठणार होत्या. अनुदान मिळालं तर दतिया गेटजवळ एक हॉल, शेगड्या आणि शिकवणाऱ्याला पगार. नाही मिळालं तर वर्ग बंद. नाक नसलेल्या बाईला अन्न शिकवायला कोण अनुदान देतं, असं त्यांना वाटे.

मुली घरी गेल्या. रजनी वाढायला थांबली. नैवेद्य झाला, तेवढ्यात जिल्ह्यातल्या गरौठ्याहून रामकृष्ण आला. द्राक्षं लावून पाहणारा शेतकरी तो हाच. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत दोन बाटल्या होत्या. पहिल्या तोडणीची द्राक्षं न्यासाने नाशिकला नेऊन दोन पिंपांत आंबवली होती. प्रत्येक पिंपातली एक बाटली त्याच्याकडे परत आली होती.

बकुळाबाईंचे यजमान विद्याधरपंत, रेल्वेतून निवृत्त झालेले, दारातच उभे राहिले. "शराब आहे ना ही?"

"द्राक्षाची आहे, काका," अहिल्याबाई म्हणाल्या.

"मग शराबच. द्राक्षाची असली तर काय, फराळाला चालते?" त्यांनी आत हाक मारली. "अगं, देवघराचा पडदा ओढ. देवांनी बघायला नको."

"देव जेवून निजले," बकुळाबाई म्हणाल्या. "तुम्ही हात धुवा."

अहिल्याबाईंनी पिशवीतून दोन पातळ ग्लास काढले आणि एकेका बाटलीतली थोडी वाईन एकेकात ओतली. "कोणी प्यायचं नाही. आमच्याकडे एक रीत आहे. जिथे जातो तिथे घरच्या माणसाच्या नाकाशी धरतो. एका पिंपातली वाईन आंबून तिचा सिरका झालाय, दुसऱ्यातली चांगली उतरली. रामकृष्णजींना मराठी नीट कळत नाही आणि अजून सांगितलेलंही नाही. काकू, कुठली कुठली ते तुम्ही सांगा."

"अहो, हिला काय विचारता," विद्याधरपंत ताठ झाले. "ही गल्लीच्या तोंडाशी उभी राहून सांगते कोणाकडे काय शिजतंय."

रामकृष्ण हात जोडून म्हणाला, "बहनजी, तीन साल की मेहनत है. आपके मुँह से सुन लूँ तो तसल्ली हो जाए."

बकुळाबाईंनी डावा ग्लास नाकाशी धरला, मग उजवा. काचेचा गारवा ओठांना लागला, बाकी काही नाही. रंग दोन्हींचा सारखाच. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. नाही म्हणण्यापेक्षा काहीतरी म्हणणं सोपं वाटलं.

"बाएँ वाली बिगड़ गई," त्या म्हणाल्या.

अहिल्याबाईंनी भुवया उचलल्या. डावा ग्लास स्वतःच्या नाकाशी नेला, परत नेला. "असं वाटतं तुम्हाला?" त्यांचा आवाज आता तितका पक्का नव्हता.

रामकृष्णाने दोन्ही ग्लास हुंगले. डाव्यापाशी तो बराच वेळ थांबला. मग त्याने ते ओळीने टेबलावर ठेवले.

"मुझे तो यही अच्छी लगी थी," तो म्हणाला. "दूसरी तो नाक में चुभ रही है. बहनजी कह रही हैं कि यह खराब है, तो फिर दोनों ही गईं." तो कसनुसा हसला. "कोई बात नहीं. भैया कब से कह रहे हैं, बेलें उखाड़ो, मटर बोओ. उनकी बात रह जाएगी."

तो बाटल्यांची बुचं लावू लागला. अहिल्याबाई काही बोलणार होत्या, पण पाहुण्या बाईने यजमानिणीला खोटं कसं पाडायचं या विचारात थांबल्या.

"बेलें मत उखाड़ना," बकुळाबाई म्हणाल्या.

रामकृष्णाने वर पाहिलं.

"मैंने झूठ बोला. मला काही कळलं नाही." मग त्या अहिल्याबाईंकडे वळून सावकाश बोलल्या. "मला वासच येत नाही. तापापासून. या ग्लासात पाणी असतं तरी मी हेच केलं असतं. मेथी कुठवर आली ते मी मुलींना विचारते, कारण मला ते ठाऊक नसतं."

विद्याधरपंतांनी खाकरून घसा साफ केला.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं?"

"उन्हाळाभर नासलेल्या दुधाची चाय पितोय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू नाही बोललीस, मी कशाला बोलू? म्हटलं, येईल परत. पोट बघ कसं पक्कं झालंय."

रजनी ओढणी तोंडाशी धरून फिसकन हसली. मग रामकृष्ण हसला, आणि शेवटी बकुळाबाईही. त्यांचे डोळे मात्र भरले होते.

अहिल्याबाईंनी डावा ग्लास रामकृष्णापुढे सरकवला. "ही चांगली आहे. तुमचं नाक बरोबर आहे. दुसऱ्या पिंपात आमच्या माणसांचं चुकलं, तुमच्या द्राक्षांचं नाही." ते त्यांनी त्याला हिंदीत पुन्हा सांगितलं. त्याने ग्लास दोन्ही हातांत धरला आणि विद्याधरपंतांकडे परवानगीसाठी पाहिलं. पंतांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. तेवढ्यात तो एक घोट प्याला.

"आणि वर्गाचं?" बकुळाबाईंनी विचारलं. "स्पष्ट सांगा. मला वाईट वाटायचं ते वाटून झालंय."

"मुलींना मेथीचा वास ओळखता येतो की नाही ते बघायला मी आले होते. येतो. पण काकू, शिकवणारीला नाक हवंच. गॅस सुटला तर तुम्हाला कळणार नाही."

"हो." बकुळाबाईंनी क्षणभर आपल्या हातांकडे पाहिलं. "रजनीला नेमा. पगार तिला. मी शेजारी बसेन."

"बहनजी, मैं?" रजनीच्या हातातलं ताट कललं.

"ताट सरळ धर. तू नाहीस तर काय मी?"

अनुदान मंजूर झालं आणि दिवाळीनंतर दतिया गेटजवळच्या हॉलमध्ये वर्ग सुरू झाला. शेगड्या नव्या होत्या, मुली आधीच्याच आणि काही नव्या. रजनी पहिल्या दिवशी घाबरून भराभरा बोलली. दुसऱ्या रविवारी तिचा आवाज स्थिरावला होता आणि ती जरा सावकाश झाली होती. तिसऱ्या रविवारी तिने गूळ पातळ करायला ठेवला. मुलींना चटईवर ओळीने बसवलं आणि पातेलं फडक्यात धरून एकेकीच्या पुढे नेऊ लागली.

"जल्दी नहीं. पहले साँस भरो, फिर बोलो."

ओळीतच, मुलींच्या मध्ये, बकुळाबाई मटार सोलत बसल्या होत्या. एका नव्या मुलीने त्यांच्याकडे पाहत शेजारणीच्या कानात काहीतरी विचारलं. शेजारणीने मान हलवून तिला गप्प केलं.

रजनी त्यांच्यापाशी आली. त्यांना वगळून पुढे गेली नाही. इतरांपुढे धरलं तसंच पातेलं तिने त्यांच्यापुढे धरलं. बकुळाबाईंनी मटार मांडीवर ठेवले, पुढे वाकल्या, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.

मग त्यांनी डोळे उघडले, नकारार्थी मान हलवली आणि पुढच्या मुलीकडे बोट केलं.