टिंबाच्या पुढे

तिनं लॅपटॉप फिरवून बाबांसमोर धरला, आणि ते खिसे चाचपत चष्मा शोधायला लागले तसा लगेच पुन्हा आपल्याकडे ओढून घेतला.

"राहू द्या, मीच वाचते. वेबसाइटसाठी आपलं नाव मिळतंय. आता टिंबाच्या पुढे काय लावायचं, तेवढं ठरवायचं."

"अजून उरलंच आहे का काही?" फोनच्या टेबलामागून आत्या म्हणाली. "नाव ठरवताना आठवडाभर माझं डोकं खाल्लंत दोघांनी."

"एक्स्टेन्शन म्हणतात त्याला, आत्या. एक तर कॉम. ते जगात कुठेही चालतं. नाहीतर आपल्या देशाची दोन अक्षरं."

"देशाचंच घे," बाबा म्हणाले. त्यांनी पॉलिशचं चाक सुरू केलं.

"कॉम लक्षात राहतं लोकांच्या."

"ठमे, माणसाचा डोळा जातो तेव्हा तो टिंबाच्या पुढे काय आहे ते बघत बसत नाही. जवळ कोण आहे ते बघतो."

ती उठली, खिडकी अर्धी लावली, पुन्हा उघडली आणि येऊन बसली. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

कृत्रिम डोळे बनवायची ही जागा तिघांची होती. आत्या वेळा द्यायची आणि रडणाऱ्यांना पाणी द्यायची. बाबा साचा घ्यायचे, डोळा घडवायचे, बसवायचे. आणि बुबुळं गेली चार वर्षं ती रंगवत होती, कारण बाबांना निळ्या आणि करड्यातला फरक कळेनासा झाला होता. पेशंटांना हे माहीत नव्हतं. त्यांच्यासमोर बाबाच ब्रश हातात धरून बसायचे, आणि ती आतल्या खोलीत डोळ्यात बसवायचं बुबुळ रंगवायची. या लबाडीची तिघांनाही आता इतकी सवय झाली होती की तिच्यावर कुणी बोलतही नसे.

तीन आठवड्यांपूर्वी तिला परदेशातल्या एका मोठ्या इस्पितळाचं पत्र आलं होतं. नोकरी मिळाली होती, हीच, बुबुळं रंगवायची. पाच आठवड्यांनी हजर व्हायचं होतं. तिला जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं, पण ते बाबांना कसं सांगायचं तेच कळत नव्हतं. तीन आठवडे ती मूग गिळून बसली होती. वेबसाइटचं खूळही त्यातूनच निघालेलं. पेशंटांनी फोटो पाठवायचे, तिनं तिथे बसून बुबुळांच्या चकत्या रंगवून पाठवायच्या. म्हणजे आपण गेलो असं होणारच नाही, असं तिनं स्वतःला पटवलं होतं. म्हणून कॉम हवं होतं. पण हे तोंडानं म्हणायचं म्हणजे आधीचं सगळं सांगावं लागणार.

"बरं, देशाचं घेते," ती म्हणाली. तिची तिलाच चीड आली.

फॉर्म उघडला. दुकानाचं नाव, फोन, कामाचा प्रकार. तिनं भराभर भरलं. मग एक चौकोन आला. त्याच्यापुढे लिहिलं होतं: मालक याच देशात राहतात आणि पुढेही राहतील, हे मी खात्रीपूर्वक सांगतो/सांगते.

चौकोनात नुसती एक खूण करायची होती. तिनं बोट पुढे नेलं, मागे घेतलं. ब्रश धुतलेले होते ते पुन्हा धुतले.

"घोडं कुठे अडलं?" आत्यानं विचारलं.

"मालकाचं नाव विचारतंय."

"मग टाक की तुझं. पुढे तुझंच आहे सगळं."

ती ओले ब्रश फडक्यावर एकेक करून ठेवत राहिली. आता सांगून टाकावं, याच क्षणी, असं तिला वाटलं.

बाबांनी चाक बंद केलं.

"नुसतं नाव विचारतंय?"

"आणि... मालक इथेच राहणार का, तेही."

"माझं टाक मग," ते म्हणाले. "मी कुठे जातोय?"

"अरे पण दादा, आज ना उद्या तिलाच..." आत्यानं सुरुवात केली.

"तू जरा ते उद्याचे फोन कर बघू."

आत्यानं दोघांकडे पाहिलं, वही उचलली आणि फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. तिच्या मागे दार लागलं.

बाबा हातातला डोळा उजेडात धरून फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बेकरीवाल्यांची धाकटी येऊन गेली परवा. तू बँकेत गेली होतीस. जुना डोळा घट्ट होतोय म्हणाली, म्हणून नवी चकती काढायला मी कपाट उघडलं." ते थांबले. "लेकरं वाढतात, वर्षा-दोन वर्षांनी डोळा मोठा लागतो, बरोबर आहे. पण ठमे, तिच्या चार चकत्या आहेत तिथे. चौदाव्या वर्षापर्यंतच्या. पोरगी आठची आहे."

तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"सगळ्याच लेकरांच्या आहेत," बाबा म्हणाले. "मोजल्या मी. इतकं पुढचं काम कोण करून ठेवतं?"

"बाबा, मी सांगणारच होते."

"हं."

"रागावलात?"

"दोन दिवस रागावलो होतो. तू काही विचारलं नाहीस, मग एकट्यानं किती वेळ रागावायचं?" त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी येऊन बसले. स्क्रीनवरचं त्यांना वाचता येत नव्हतं, तरी ते वाकून बघत राहिले. "दोन्ही घेता येतात का? हे आणि ते जगातलं?"

"येतात."

"मग हे माझ्या नावानं. कॉम तुझ्या."

तिनं त्यांचं नाव लिहिलं आणि चौकोनात खूण केली. दुसरा फॉर्म उघडला, तेव्हा अक्षरं जरा पुसट दिसायला लागली होती. तिनं मनगटानं डोळे पुसले, आपलं नाव लिहिलं आणि हात थांबवला.

"आता काय विचारतंय?"

"पत्ता."

"लिही की तिथला."

"अजून मिळाला नाहीये. गेल्यावर घर शोधायचं आहे."

बाबांनी त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"मग तोवर इथलाच टाक," ते म्हणाले.