मागच्या खोलीतला मोठा ग्लास

अर्ध्या लिटरपेक्षा मोठ्या ग्लासातून गोड पेय विकायला बंदी घालावी की नाही, याची सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. माझ्या वर्गातली अकरा मुलं पहिल्या रांगेत बसली होती. आठवडाभर आम्ही एकच धडा गिरवला होता: दुकानातल्या सर्वांत मोठ्या ग्लासात साखर किती? मुलांनी चमचा चमचा ताटलीत ओतून मोजली. अठरा चमचे. ढीग पाहून मिरची, म्हणजे वर्गातली सर्वांत तिखट जिभेची मुलगी, म्हणाली, "बाई, एवढ्यात मुंग्यांची अख्खी वरात जेवेल!" त्या दिवसापासून तिने मोठा ग्लास सोडला. "बाई पीत नाहीत, मग मीपण नाही, असं म्हणते ती," असं तिच्या आईने सांगितलं, तेव्हा मी नुसती हसले.

विरोधात बोलायला माझा धाकटा भाऊ उभा राहिला. शाळेसमोरचं पेयांचं दुकान त्याचंच. सकाळीच तो म्हणाला होता, "ताई, आज आपली जुंपणार बरं का!"

"जुंपू दे. कान मात्र मीच पिळणार."

माईकपाशी जाऊन त्याने घसा खाकरला. "साहेब, माझी बहीण मुलांना साखर मोजायला शिकवते. पण गेली तीन वर्षं ती रोज चार वाजता माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून सर्वांत मोठा ग्लास पिते. विचारा तिला. लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

सभागृहात हशा पिकला.

तीन वर्षं, म्हणजे माझे यजमान गेल्यापासून. शाळा सुटली की घराकडे पाऊल उचलत नसे. तेव्हा यानेच मला त्या खोलीत बसवलं, पंखा लावला, हातात ग्लास दिला. "इथलं इथंच राहील, ताई," म्हणाला होता. तिथे मी रडलेलं त्याच्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही.

"बाई, हे खरं आहे?" आरोग्य अधिकाऱ्यांनी विचारलं.

"खरं आहे," मी उठून म्हणाले. "मोठा ग्लास समोर आला की मी तो संपवते. या वयात मला आवरत नाही, तर दहा वर्षांच्या पोरांना कसं आवरावं? म्हणून नियम हवा."

त्यांनी ते लिहून घेतलं. तासाभराने ठराव मंजूर झाला, टाळ्याही पडल्या. पहिल्या रांगेकडे बघायचं मी टाळलं.

बाहेर पायऱ्यांवर भाऊ आला. "चिडलीस? अगं, सभेतलं सभेत सोडायचं. जिंकलीस तर तूच!"

"दुसरं काही सापडलं नाही तुला बोलायला?"

"लागू पडेल असं तेवढंच होतं," तो म्हणाला. अगदी सहज, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसा.

मिरची आईचा हात धरून उतरत होती. मी हाक मारली, तशी थांबली.

"बाई, मी तुमच्यामुळे सोडलं, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

वर्गात कुणी अडलं की मी म्हणते, सावकाश विचार कर, घाई नाही. तिनेही मला तेवढा वेळ दिला. मग आईच्या मागोमाग रस्ता ओलांडून ती निघून गेली.